गरोदरपणात पोटातले जंत: नेमके शिरतात कुठून?

सायंतारा
नमस्कार मंडळी. मला चौथा महिना सुरू आहे. लोहाच्या गोळ्या न चुकता घेऊनही हिमोग्लोबिन ९.४ वरून हलेना, म्हणून डॉक्टरांनी संडासाची तपासणी सांगितली. तीत अंकुशकृमीची अंडी निघाली.

उपचार डॉक्टर करतीलच, त्यासाठी हा धागा नाही. मला प्रश्न पडलाय की हे आले कुठून? पाणी उकळून पिते, बाहेरचं खात नाही, हात धुण्याच्या बाबतीत तर घरात माझी चेष्टा होते. सासूबाई म्हणतात, गोड फार खाल्लंस. मैत्रीण म्हणते, गरोदरपणात प्रतिकारशक्तीच नसते, काहीही होतं. आणि वाचायला जावं तर जिथेतिथे तीच यादी: अस्वच्छता, अल्पशिक्षण, गरिबी, मोठं कुटुंब. वाचून आपण गुन्हाच केलाय असं वाटायला लागतं. कुणी जाणकार नीट समजावून सांगेल का?

रानवारा
प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली हेच बघण्यात माझी नोकरी सरली, म्हणून लिहिते.

आधी सासूबाईंचं. साखरेपासून जंत होत नाहीत. अंडी किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय जंत होणं शक्य नाही, मग खाणं गोड असो की कडू.

आता तुमचं पाणी. ते उकळता हे उत्तमच, पण अंकुशकृमीचा मुख्य रस्ता तोंड हा नाहीच. बाधित माणसाच्या विष्ठेतून अंडी मातीत पडतात. माती ओलसर, उबदार, सावलीतली असेल तर एकदोन दिवसांत अळी बाहेर येते आणि साधारण ५ ते १० दिवसांत ती माणसात शिरण्याजोगी होते. मग कुणाच्या तरी उघड्या त्वचेची वाट बघत पडून राहते. पोषक हवामानात ३-४ आठवडे तग धरते. त्वचेतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात, गिळली की आतड्यात, असा तिचा प्रवास. एक जात तोंडावाटेही जाऊ शकते, पण पायच पहिले धरायचे.

तेव्हा पाण्याचं सोडा, अनवाणी कुठे वावरता ते सांगा.

सायंतारा
अगं बाई. बाग! मळमळ थांबल्यापासून रोज सकाळी बागेत असते, तेही अनवाणी, मुद्दाम. मातीचा स्पर्श चांगला म्हणतात ना. मध्यंतरी बाहेरून आणलेली माती आणि खत वाफ्यात घातलं होतं. त्यानंतर बोटांच्या बेचक्यात खाज आणि बारीक पुरळ आलं होतं, आपोआप गेलंही.

रानवारा
ती खाज अळी शिरतानाची असू शकते. नक्की तसंच झालं असं इथे बसून म्हणता येणार नाही, पण जुळतंय खरं. नुसती माती दोषी नसते हेही लिहून ठेवते. त्या मातीत माणसाची विष्ठा मिसळलेली असली पाहिजे. उघड्यावर शौच, गळका शोषखड्डा, नीट न कुजवलेला मैला खतात वापरणं, यांतलं काहीतरी लागतंच.

खडूस_आजोबा
अवांतर, पण राहवत नाही. हा त्वचेतला रस्ता सापडला तो अपघाताने. १८९० च्या दशकात कैरोमध्ये आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ अळ्यांवर काम करत होता. अळ्या असलेलं पाणी त्याच्या हातावर सांडलं, जागा लाल होऊन खाजू लागली आणि पुढे त्याच्याच विष्ठेत अंडी दिसली. त्याआधी १८८० च्या सुमारास आल्प्समधला गोटहार्ड बोगदा खणणारे मजूर पांढरेफटक पडत होते. कारण हेच जंत. बोगद्यात ऊब, ओल, अंधार आणि संडासाची सोय नाही! ते मजूर काही गोड खाऊन आजारी पडले नव्हते. असो, सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा.

अर्धवट_शहाणा
रानवारा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता त्या याद्यांविषयी बोलतो, कारण खरी गडबड तिथे आहे.

बहुतेक अभ्यास असे होतात: प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या बायकांकडून नमुना घ्यायचा, त्याच दिवशी प्रश्नावली भरून घ्यायची आणि कुठल्या उत्तराबरोबर जंत जास्त सापडतात ते मोजायचं. यातून संबंध कळतो, कारण कळत नाही. 'शिक्षण कमी' हा घटक जवळजवळ प्रत्येक यादीत असतो. पण जंत काही गुणपत्रिका बघून शिरत नाहीत. कमी शिक्षण असलेल्या बाईकडे बहुधा नळ नसतो, स्वतःचा संडास नसतो, शेतात काम असतं आणि पायात चप्पल नसते. रस्ता त्यांतला एखादा असतो. शिक्षण ही त्यावर लावलेली पाटी.

दुसरं असं की 'पोटातले परजीवी' म्हणून सगळ्यांची एकच मोट बांधतात. पायातून शिरणारा अंकुशकृमी, मातीतल्या अंड्यांतून येणारा गोल जंत आणि पाण्यातून येणारा जिआर्डिया (जुलाब घडवणारा एकपेशीय परजीवी) एकाच रकान्यात घातले, तर प्रत्येकाचा खरा जोखीम-घटक पातळ होतो. मग 'चप्पल वापरण्याचा काही संबंध आढळला नाही' असले निष्कर्ष निघतात. निघणारच, नमुन्यात निम्मे जिआर्डिया असतील तर!

तिसरं, यादीत व्यक्तीच्या सवयी येतात आणि वस्ती गळते. तुमच्या घरी संडास आहे, पण आजूबाजूच्यांकडे नाही, तर माती सगळ्यांचीच दूषित. मग 'हात धुतले नाहीत' हा ठपका त्या एकट्या बाईवर. मला हे पटत नाही.

प्रसूतिकक्ष
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. 'गरोदरपणात प्रतिकारशक्तीच नसते' हे मैत्रिणीचं वाक्य रोज ऐकते, म्हणून सविस्तर.

प्रतिकारशक्ती नाहीशी होत नाही. गर्भाला परका समजून शरीराने हल्ला करू नये म्हणून तिचा तोल बदलतो. काही संसर्गांना त्याने मोकळीक मिळते, काहींना नाही. अमीबाचा संसर्ग गरोदरपणात गंभीर रूप घेऊ शकतो हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. पण गरोदर झालं म्हणून अंकुशकृमी जास्त शिरतात, असं सरसकट म्हणायला आधार नाही. जंत बहुधा आधीपासून असतात. अंकुशकृमी एकदोन वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. गरोदरपणात आपण रक्त तपासतो, म्हणून तो उजेडात येतो.

आणि उजेडात येतो कारण याच काळात शरीराची लोहाची गरज वाढते. अख्ख्या गरोदरपणात मिळून साधारण १,००० मिलिग्रॅम. एक अंकुशकृमी जातीनुसार दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण असे शे-दीडशे असतील आणि महिनोन्‌महिने असतील तर हिशेब तुम्हीच करा. ज्या बाईच्या अंगात लोहाचा साठा भरपूर आहे, ती थोडे जंत सहज निभावते. जिला आधीच लागोपाठ बाळंतपणं झालीत, पाळीत जास्त रक्त जातं, आहारात लोह कमी आहे, तिचं हिमोग्लोबिन तेवढ्याच जंतांनी कोसळतं. म्हणजे जंत होण्याची जोखीम आणि जंतांनी त्रास होण्याची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

अजून एक घटक कुणी विचारत नाही: जठरातलं आम्ल. ती आपली एक तटबंदी आहे. आम्ल कमी असलेल्यांना जिआर्डियासारखे संसर्ग सहज होतात. गरोदरपणात जळजळ होते म्हणून कित्येकजणी आम्ल कमी करणारी औषधं स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेतात. लागत असतील तर जरूर घ्या, पण डॉक्टरांना माहीत असू द्या.

जुईची_आई
माझी मोठी मुलगी तीन वर्षांची, दुसऱ्या खेपेला सहावा महिना. रात्री तिला खालच्या बाजूला खाज येते, जंत दिसलेही. मला होतील का? आणि तिचे लंगोट अजून मीच बदलते.

रानवारा
तिचे बारीक पांढरे, दोऱ्यासारखे असतील तर ते सूतकृमी. त्यांना मातीची गरजच नाही. मादी रात्री गुदद्वाराबाहेर अंडी घालते, ती ४ ते ६ तासांत संसर्गक्षम होतात. मूल खाजवतं, नखांत अंडी, तिथून चादर, खेळणी, तुमचा हात. घरात लहान मूल हाच इथला मोठा जोखीम-घटक, घर कितीही चकाचक असो. अंडी पृष्ठभागावर दोनेक आठवडे टिकतात. नखं कापणं, सकाळी उठल्याउठल्या तिला अंघोळ घालणं, चादरी न झटकता गरम पाण्यात धुणं याने फरक पडतो. यांची अंडी संडासाच्या तपासणीत सहसा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीआधी चिकटपट्टी गुदद्वाराजवळ दाबून ती तपासायला देतात.

लंगोटाबद्दल सांगते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. गोल जंताचं अंडं ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतं, मातीत दोन-तीन आठवडे पिकल्याशिवाय ते लागत नाही. त्यामुळे लंगोटातून गोल जंत थेट होत नाही. जिआर्डिया आणि त्याच्यासारखाच जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) मात्र बाहेर पडल्या क्षणी संसर्गक्षम असतात, आणि जिआर्डियाच्या १० इतक्या पुटीही (कवचबंद अवस्थेतले परजीवी) पुरतात. म्हणून पाळणाघरात काम करणाऱ्या किंवा जुलाब होणाऱ्या बाळाचं करणाऱ्या गरोदर बाईला ही जोखीम खरी आहे. साबण आणि वाहतं पाणीच वापरा. हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला जंतांची अंडी आणि क्रिप्टो जुमानत नाहीत.

बोका_मालकीण
मी तर मांजर बाहेर काढायच्या बेतात होते. तिच्यामुळे हे सगळं होतं ना?

प्रसूतिकक्ष
तुम्ही म्हणताय तो टॉक्सोप्लाझ्मा. तो माणसाच्या आतड्यात ठाण मांडणारा जंत नाही, रक्तावाटे ऊतींमध्ये जातो. गरोदरपणात पहिल्यांदा झाला तर गर्भाला धोका असतो, म्हणून महत्त्वाचा, पण विषय वेगळा. मांजर घरातच राहू द्या. तिची विष्ठा दुसऱ्या कुणाला रोजच्या रोज काढायला सांगा, कारण त्यातल्या पुटींना संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. अर्धकच्चं मांस टाळा, बागकामाला हातमोजे घाला. हातमोज्यांची गोष्ट या धाग्यातल्या मातीतून येणाऱ्या बाकीच्या परजीवींनाही लागू आहे.

अनामिका_२
नाव बदलून लिहितेय. मला माती खावीशी वाटते. वाटतेच असं नाही, खातेही. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. त्याने जंत होतात का?

प्रसूतिकक्ष
लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही. जगभर गरोदर स्त्रियांमध्ये ही ओढ आढळते आणि पुष्कळदा तिच्यासोबत लोहाची कमतरता असते. पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच सांगा. हिमोग्लोबिन आणि शक्य असेल तर फेरिटिनही (यावरून लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या.

जंतांचं म्हणाल तर ते कुठली माती यावर आहे. पश्चिम केनियात गरोदर आणि स्तनदा स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, औषध दिल्यानंतर माती खाणाऱ्यांना गोल जंत पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. झांझिबारच्या बाजूला झालेल्या अभ्यासात मात्र तसा संबंध दिसला नाही. तिथे खाल्ल्या जाणाऱ्या मातीत संसर्ग करणारे जंतच सापडले नाहीत. वरवरची, लोकांच्या वावरातली माती धोक्याची. पण खोलची माती म्हणून निर्धास्तही राहू नका, शिसं आणि इतर जड धातू असतात आणि माती लोह शोषू देत नाही ते वेगळंच.

अनामिका_२
धन्यवाद डॉक्टर. सांगेन.

गावरान_गुणी
एवढी चर्चा कशाला? आमच्याकडचा कडू काढा तीन दिवस घ्या, जंत साफ. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

प्रसूतिकक्ष
कृपया गरोदर बाईला असा सल्ला देऊ नका. जंतांवर दिल्या जाणाऱ्या काही कडू वनस्पती गर्भाशयाचं आकुंचन घडवणाऱ्या म्हणूनही ओळखल्या जातात. नैसर्गिक आहे म्हणून गर्भाला कळत नाही असं नसतं.

गावरान_गुणी
तुमच्या गोळ्या काय गर्भाला विचारून जातात?

प्रसूतिकक्ष
नाही, म्हणूनच पहिल्या तिमाहीत जंताची गोळी टाळतो. गरोदर असण्याची शक्यता असेल तर स्वतःहून घेऊही नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस बघा: जिथे गरोदर स्त्रियांमध्ये अंकुशकृमी किंवा चाबूककृमीचं (मोठ्या आतड्यातला एक जंत) प्रमाण २० टक्के वा त्याहून जास्त आणि रक्तक्षय ४० टक्के वा त्याहून जास्त आहे, तिथे पहिली तिमाही संपल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस. इतर ठिकाणी तपासणी करून, गरज बघून. काढ्याचा डोस, मात्रा, तिमाही यांचं असं काही लिहिलेलं तुमच्याकडे असेल तर मी वाचायला तयार आहे.

अर्धवट_शहाणा
डॉक्टरांचा मुद्दा मान्य, पण दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर गोळी म्हणजे रामबाण असं वाटायचं. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातला २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास फार उत्साहवर्धक होता: गरोदरपणात अल्बेंडाझोल घेतलेल्यांच्या बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅमने जास्त, सहा महिन्यांपर्यंतचे बालमृत्यू ४१ टक्क्यांनी कमी. पण तिथे गोळी कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. पुढे युगांडात एन्टेबेला २,५०७ गरोदर स्त्रियांवर तशी रीतसर चाचणी झाली. एकंदरीत ना रक्तक्षयात फरक, ना बाळाच्या वजनात, उलट गोळी घेतलेल्यांच्या बाळांत इसब जास्त.

माझा अर्थ असा की जंतांचा भार किती यावर सगळं आहे. भार हलका असेल तर गोळीने फारसं काही बदलत नाही, आणि भार जड असतो तो पुन्हापुन्हा संसर्ग होत राहिल्याने. हे जंत पोटात पिल्लं घालून संख्या वाढवत नाहीत. जेवढ्या अळ्या शिरल्या, जास्तीत जास्त तेवढेच जंत.

रानवारा
एक अपवाद: स्ट्राँगीलॉइड्स, हाही मातीतून त्वचेवाटे शिरणारा जंत. त्याच्या अळ्या आतड्यातून परत आपल्याच शरीरात शिरतात, त्यामुळे तो दशकानुदशकं राहू शकतो. लहानपणी अनवाणी वाढलेल्या बाईच्या पोटात तो आज, शहरात फरशीवर राहतानाही असू शकतो. जोखीम-घटक आजच्या घरात शोधून सापडणारच नाही. शिवाय साध्या तपासणीत तो सहज हुकतो.

प्रसूतिकक्ष
बरं झालं काढलंत. अकाली प्रसूतीची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती फार मोलाची आहेत, त्यांना घाबरून नकार देऊ नका. पण स्टेरॉइडमुळे हा एक जंत बेफाम वाढू शकतो. इओसिनोफिल पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कारणाशिवाय वाढलेल्या असतील आणि दूषित मातीशी जुना संबंध असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

कोरा_कागद
बायकोची तपासणी निर्दोष आली, जुलाब मात्र अधूनमधून चालूच. घरी शुद्धीकरण केलेलं, क्लोरीनचंच पाणी. मग पाणी सुटलं ना यादीतून?

रानवारा
नाही सुटलं. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून अंदाजे चार लाख लोक आजारी पडले, तेही शुद्धीकरण केंद्र असताना. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट (२,००० मीटरच्या वर तीन मिनिटं) उकळलं की हा प्रश्न मिटतो. जलतरण तलावाचं पाणी तोंडात जातं तेही मोजा.

आणि एका नमुन्यावर निर्दोष समजू नका. पुटी आणि अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देतात. क्रिप्टोसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळं रंजन (नमुना खास रंगाने रंगवून बघणं) मुद्दाम मागावं लागतं, साध्या तपासणीत ते करत नाहीत. आधी प्रतिजैविक घेतलं असेल तर तेही सांगा.

कच्च्या भाज्यांचं राहिलंच. मैलापाण्यावर पिकवलेल्या पालेभाज्या हा गोल जंताचा ठरलेला रस्ता. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, ती चिकट असतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. जंतुनाशक पाण्यात भाजी बुडवून ती मरत नाहीत. पान न्‌ पान वाहत्या पाण्याखाली चोळून बरीचशी निघतात, शिजवली की प्रश्नच नाही. गरोदरपणापुरतं कच्चं कमी करा असं मी सांगेन.

सायंतारा
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना भेटले. पहिली तिमाही संपलेली असल्याने गोळी दिली, लोहाची मात्रा वाढवली. नवऱ्याचीही तपासणी करायला सांगितली, तोही बागेत अनवाणी असतो. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

सासूबाईंना आजोबांचा नमस्कार आणि बोगद्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, मजुरांना गोड परवडत तरी होतं का. पुढे वाद घातला नाही.

दोनच शंका: पुन्हा तपासणी कधी करायची? आणि त्या वाफ्यांचं काय करू?

रानवारा
तपासणी गोळीनंतर दोन ते चार आठवड्यांनी, फार लवकर केली तर अर्थ लागत नाही. अंडी तेव्हाही दिसली तर डॉक्टर पुन्हा डोस ठरवतील.

वाफ्यांत आणखी विष्ठा मिसळत नसेल तर अंकुशकृमीच्या अळ्या काही आठवड्यांत आपोआप मरतात, ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. माती उलटीपालटी करून ऊन खाऊ द्या, हे काम दुसऱ्या कुणाकडून, बूट घालून. त्या खतात मैला असेल तर गोल जंताची अंडी मात्र उन्हाने इतक्या सहज जात नाहीत, म्हणून तिथे कच्चं खायचं काही लावू नका. तुम्ही बंद बूट आणि हातमोजे घालून खुशाल बागेत जा, उघड्या सपाता नकोत. आणि ते खत कुठून आलं होतं ते एकदा विचारून घ्या, त्याच ठिकाणचं पुढचं पोतं येण्याआधी.